जॅकी मॅक्लीन यांच्या हार्टफर्डबद्दल पण लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

३० एप्रिलच्या जॅझ दिवसाचे लेख मी दरवर्षी आवर्जून वाचतो, पण नावं ठरलेली चार-पाचच असतात आणि सगळं गाजलेल्या रेकॉर्डपाशी येऊन थांबतं. एखाद्याने अर्धं आयुष्य शिकवण्यात घातलं असेल तर त्याबद्दल शेवटी एकच ओळ, "पुढे ते शिकवू लागले". मला ती ओळ लागते. मी स्वतः हार्मोनियमच्या शिकवण्या घेतो आणि "मग आता वाजवत नाही का तुम्ही?" हा प्रश्न मी पण बऱ्याचदा ऐकलाय.

म्हणून आल्टो सॅक्सोफोनवाले जॅकी मॅक्लीन. जन्म १९३१ चा, न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये वाढले, शाळकरी वयातल्या बँडमध्ये सोबत पुढे सॅक्सोफोनवर गाजलेले सॉनी रोलिन्स, आणि पियानोवाले बड पॉवेल जवळच राहायचे, त्यांच्याकडे जाऊन हा मुलगा शिकायचा. विशीत आल्याआल्या ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसबरोबर रेकॉर्डिंग, नंतर बासवाले चार्ल्स मिंगस, मग ड्रमर आर्ट ब्लेकींचा बँड जॅझ मेसेंजर्स. सूर असा तिखट की दोन सेकंदांत ओळखू यावा.

पण हेरॉइन लागलं आणि त्यापायी पोलिसांचं कॅबरे कार्ड गेलं. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये दारू मिळते अशा क्लबात वाजवायचं तर हे कार्ड लागायचंच, ते नाही म्हणजे रोजचं पोट ज्यावर चालतं तेच बंद, म्हणून मग ब्लू नोट कंपनीसाठी रेकॉर्डिंगवर रेकॉर्डिंग केली आणि लिव्हिंग थिएटर या नाटक मंडळीच्या नाटकात वाजवलं, अभिनय पण केला. त्याच काळात बॉस्टनहून १७ वर्षांच्या टोनी विल्यम्स नावाच्या ड्रमरला न्यूयॉर्कला आणलं ते यांनीच, आणि काही महिन्यांत माइल्सने त्याला आपल्या बँडमध्ये घेतलं. म्हणजे पोरातलं पाणी ओळखायची नजर तेव्हापासून होती, नोकरीबरोबर आली नाही ती.

व्यसनातून ते बाहेर आले आणि १९६८ पासून अमेरिकेच्याच कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड विद्यापीठाच्या हार्ट स्कूल या संगीताच्या शाळेत शिकवायला लागले. १९८० मध्ये तिथे आफ्रिकन अमेरिकन संगीताचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम उभा केला. ज्या संगीताने त्यांची पिढी क्लबात, रस्त्यावर, एकमेकांच्या घरी बसून शिकली ते आता पदवीला आलं, ही साधी गोष्ट आहे का? २००० साली त्या विभागाला त्यांचंच नाव दिलं, ते हयात असताना.

आणि त्याहून मला मोठं वाटतं ते आर्टिस्ट्स कलेक्टिव्ह. १९७० मध्ये पत्नी डॉली आणि काही सहकाऱ्यांबरोबर हार्टफर्डच्या नॉर्थ एंड भागात त्यांनी हे सुरू केलं, तिथल्या मुलांना संगीत, नाच, नाटक, चित्रकला शिकवायला. स्वतः ज्या गर्तेतून आले तिथे ही पोरं पडू नयेत म्हणून. डॉलीबाईंचं काम तर वेगळ्या लेखाचा विषय आहे.

वाजवणं थांबलं असं कोणी समजू नये. रेकॉर्डिंग, दौरे सगळं चालूच होतं आणि बँडमध्ये विद्यार्थीच असायचे. ट्रॉम्बोनवाले स्टीव्ह डेव्हिस त्यांचेच विद्यार्थी, गुरू ज्या ब्लेकींकडे १९५६ मध्ये वाजवत होते त्याच ब्लेकींच्या बँडमध्ये १९८९ साली शिष्य गेला, आणि पुढे हार्ट स्कूलमध्येच शिकवायला लागला. आपण ज्याला घराणं म्हणतो ते याहून काय वेगळं असतं सांगा.

मॅक्लीन ३१ मार्च २००६ ला हार्टफर्डमध्येच गेले. पुढच्या ३० एप्रिलला त्यांच्यावर अर्धं पान तरी द्या, आणि त्यात वर्गाचा फोटो घाला, स्टेजचे फोटो सगळीकडे मिळतात.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे