पेप्टाइडचा प्रयोग कोणावर झाला, तेही छापा

महोदय,

यकृताचे रक्षण करणाऱ्या अँटिऑक्सिडंट पेप्टाइडांवरचा (पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी) आपल्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचला. परीक्षानळी, उंदीर आणि माणूस यांची त्यात एकाच परिच्छेदात सरमिसळ झाली आहे, म्हणून हे पत्र.

जीवरसायनशास्त्र शिकवताना परीक्षानळीतली अँटिऑक्सिडंट चाचणी मी विद्यार्थ्यांकडून अनेकदा करून घेतली. डीपीपीएच नावाच्या रसायनाचे गडद जांभळे द्रावण घ्यायचे, त्यात पेप्टाइडचे थेंब सोडायचे आणि थोडे थांबायचे. द्रावण पिवळे पडले, म्हणजे पेप्टाइड अँटिऑक्सिडंट ठरले, की मुले खूश! पण क जीवनसत्त्वानेही ते तसेच पिवळे पडते. यकृताचा तिथे संबंधच येत नाही. दूध, सोयाबीन, मासे यांची प्रथिने विकरांनी (एन्झाइमांनी) तोडून मिळवलेल्या पेप्टाइडांमुळे उंदरांच्या यकृताची हानी कमी झाल्याचे प्रयोग आहेत, ते मी नाकारत नाही. मात्र त्या उंदरांचे यकृत कार्बन टेट्राक्लोराइडसारखे विष देऊन मुद्दाम बिघडवलेले असते, आणि पेप्टाइड बरेचदा त्याच्या आधीपासून पाजलेले असते. माणूस डॉक्टरकडे जातो तो बिघडल्यावर.

नवल याचे वाटले, की एवढ्या लेखात ग्लुटाथायोनचे नावही नाही. ग्लुटामिक आम्ल, सिस्टीन आणि ग्लायसीन या तीनच अमिनो आम्लांचे हे पेप्टाइड यकृत स्वतःच बनवते. पॅरासिटामॉलच्या नेहमीच्या मात्रेतला थोडा भाग यकृतात एका विषारी पदार्थात बदलतो. ग्लुटाथायोन त्याला चिकटून तो निकामी करते. गोळ्या फार झाल्या की हा साठा आटतो आणि ते विष यकृतपेशींच्या प्रथिनांनाच जाऊन चिकटते. अशा वेळी उतारा म्हणून ग्लुटाथायोन पाजत नाहीत, कारण पोटात गेलेले ग्लुटाथायोन बरेचसे आतड्यातच तुटते. देतात ते एन-ॲसिटिलसिस्टीन, म्हणजे ग्लुटाथायोनचा कच्चा माल. पेप्टाइड यकृतच जुळवते. पहिल्या 8 तासांत दिले तर त्याचा गुण सर्वांत चांगला येतो. (कुपी फोडली की सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो त्यातल्या गंधकाचा, औषध खराब झाल्याचा नव्हे.)

लेखाशेजारच्या चौकटीत पेप्टाइडची पावडर रोज घेण्याचा सल्ला छापला आहे. तो माणसांवरच्या कोणत्या चाचणीवरून दिला, तेवढे पुढच्या अंकात सांगावे. तशी चाचणी हाताशी नसेल, तर चौकट मागे घ्यावी.

– एक निवृत्त प्राध्यापक