शाकाहारी मुलांचं बी 12 जीवनसत्त्व तपासा

महोदय,

माझा नातू जन्मापासून शाकाहारी. मोड आलेली मटकी, वरण-भात, नाचणीची आंबील घरात नेहमीची. 100 ग्रॅम नाचणीत 300 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, म्हणून मी निर्धास्त होते. सातव्या वर्षी मात्र तो दादरच्या पुलाचे जिने चढताना मध्येच बसायला लागला. रक्त तपासलं, बी 12 कमी निघालं. ते वनस्पतिजन्य अन्नातून मिळत नाही आणि दुधाला तर हा तोंडही लावत नाही! डॉक्टरांनी औषध सुरू केलं. शाकाहार सोडलेला नाही. उसळीवर आता न चुकता लिंबू पिळते, त्यानं लोह अंगी लागतं. लोहाच्या आड येणारा जेवणालगतचा चहा बंद केला. शाळेतल्या आरोग्य तपासणीत उंची-वजनाबरोबर हिमोग्लोबिन आणि बी 12ही पाहावं, ही कळकळीची विनंती.

– एक आजी, दादर