बाबांचं पाणी, आईचं पाणी

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न.

फोनवर सांगायला लागले की आई 'हो हो' म्हणते आणि बाबा उठून ओट्यावर जातात. म्हणून लिहून पाठवते आहे. वाचून झालं की फ्रिजच्या दाराला चिकटवा.

बाबा, गेल्या महिन्यात अशक्तपणा वाटतो म्हणून तुम्ही गावातच सलाईन लावून घेतलीत, हे मला चार दिवसांनी कळलं. तेही काकूकडून. लावणाऱ्याला तरी काय बोलू? आपल्याकडे बाटली टांगल्याशिवाय ना पेशंटला बरं वाटतं, ना नातेवाइकांना. पण त्या बाटलीत असतं काय, ते ऐका. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं. मोठ्या माणसानं दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आई तुमच्या भाजीत चिमूट मोजून मीठ घालणार, आणि तिकडे जवळजवळ दिवसभराचं मीठ थेट शिरेत! तुमच्यासारखं ज्याच्या हृदयाचं पंपिंग कमी, त्याच्या अंगात हे मीठ पाणी धरून बसतं आणि ते पाणी फुफ्फुसात साचायला लागतं. त्या रात्री तुम्ही खुर्चीत बसून झोपलात, ते उकाड्यानं नाही.

दिवाळीत तुम्ही चांभाराकडून चपलेचा अंगठा सैल करून आणला होतात. कातडं आखडलं म्हणालात. मी तेव्हाच नडगीवर बोट दाबून बघितलं, तर खळगा पडला आणि बराच वेळ भरेना. वॉर्डात आम्ही रोज हेच करतो. झोपून असलेल्या माणसाचे पाय बारीक दिसतात आणि सगळी सूज कमरेखाली, पाठीकडे उतरलेली असते. तिथे हात लावून बघितला नाही तर चुकतं. नातेवाइकांना मी नेहमी विचारते, उशा किती लागतात? एकीवर झोपणारा तीन मागायला लागला, आडवं झालं की कोरडा खोकला येतो, मध्यरात्री धाप लागून उठून बसतो, असं कुणी सांगितलं की पुढचं अर्धं मला कळतं.

आता आई, तू. तुझा पराक्रमही काकूनंच सांगितला. घोटे सुजले म्हणून बाबांच्या डब्यातली पाण्याची गोळी, लघवीवाटे अंगातलं पाणी काढणारी, घेतलीस? 'अर्धीच' घेतलीस म्हणे! अगं, तुझी बीपीची गोळी अशी आहे की तिच्यानं काहींचे घोटे सुजतात. ते पाणी जास्त झाल्याचं लक्षण नाही, आणि लघवीच्या गोळीनं ती सूज फारशी हलतही नाही. तुझ्या अंगात पाणी मुळात कमी. गुडघे दुखतात, रात्री उठायला नको, म्हणून संध्याकाळी पाचनंतर तू घोटभरही पीत नाहीस, हे मला माहीत नाही का? त्यावर ती गोळी. मग सकाळी उठताना उंबऱ्यात डोळ्यांपुढे अंधारी येणारच. आम्ही अशा पेशंटचं बीपी आधी झोपवून घेतो, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा. वरचा आकडा वीसनं उतरला की पाणी कमी पडल्याची शंका पहिली.

आणि 'तहान नाही लागली' हे सांगू नकोस. वय झालं की तहानच मंदावते. तुझ्या हाताची कातडी चिमटीत धरून बघण्यातही अर्थ नाही. सत्तरीत ती तशीही उभी राहते. जीभ बघ, काखेत हात घालून बघ, दोन्ही कोरडी असतील तर समज. लघवी थोडी आणि गडद होते. माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागतो. दोन दिवस जुलाब झालेल्या एक आजी आमच्याकडे आल्या, सुनेला ओळखेनात. घरच्यांना वाटलं, म्हातारचळ लागला.

जुलाब झाले तर ओआरएसची पुडी. ती पेलाभर पाण्यात घट्ट करायची नाही. पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, एका वेळी पूर्ण. साखर मिठाला आतड्यातून आत ओढते आणि मिठामागून पाणी जातं, म्हणून प्रमाण चुकवून चालत नाही. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि सलाईन संपत आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायच्या सोड्याचं पाणी ड्रममधून पाजलं. तीस टक्क्यांच्या घरातले मृत्यू चारच्या खाली आले. सलाईनवाल्या बाबांना हे मुद्दाम वाचून दाखव.

पार्सलमध्ये वजनकाटा येतोय. फरशीवर ठेवा, सतरंजीवर नको. बाबांनी रोज सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, तेवढ्याच कपड्यांत उभं राहायचं आणि आकडा कॅलेंडरवर लिहायचा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. एका रात्रीत चरबी चढत नाही, पाणी चढतं. एका दिवसात किलोभर किंवा तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर सूज दिसो न दिसो, मला फोन. बोलता बोलता धाप लागली, तोंडाला फेस आला, तर माझी वाट बघू नका, १०८ लावा.

बाबांना डॉक्टरांनी दीड लिटर सांगितलंय, त्यात चहा, ताक, आमटी सगळं धरायचं. सकाळी दीड लिटर पाणी एका कळशीत भरून ठेवा. पाणी तिच्यातलंच प्यायचं, आणि चहा-ताक जितकं पोटात जाईल तितकं तिच्यातून तुळशीला ओतायचं. कळशी रिकामी झाली की दिवसाचं संपलं. पण बाबांना उलट्या-जुलाब झाले, तर हा हिशोब आणि ती पाण्याची गोळी दोन्हींबद्दल आधी डॉक्टरांना विचारायचं. नेहमीचं चालू ठेवलं तर ते कोरडे पडतील.

आई, तुझा तांब्या वेगळा. सकाळपासून दुपारी चारपर्यंत संपव, म्हणजे रात्री उठावं लागणार नाही. गोळ्यांचे डबे दोन करा, बाबांचा निळा, तुझा लाल. आणि पापड-लोणच्याची बरणी माळ्यावर ठेव. बाबांना स्टूल कुठे आहे ते सांगू नकोस.

तुमची,
शालू

ता. क. : रविवारी फोन केला की पहिल्यांदा आकडे विचारणार. खुशाली नंतर.