कोकम म्हणजे आजी

विनिपेग, कॅनडा
११ ऑक्टोबर

ती. मामीस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, ‘शाळेत तू नक्की करतेस काय?’ आणि तेवढ्यात रेंज गेली. म्हणून लिहितेच. दुसरीच्या वर्गात बाईंच्या हाताखाली असते. शिकवणं कमी आणि मुलांना कोट-बूट चढवणं जास्त. थंडी सुरू झालीय, आता एप्रिलपर्यंत हेच.

वर्गात एक मुलगा आहे. नाव लिहीत नाही, इथे मुलांची नावं बाहेर सांगायची नसतात. क्री जमातीचा, म्हणजे इथला मूळचा. पाठीवर लांब वेणी. सकाळी घट्ट असते, मधल्या सुट्टीनंतर सगळी पिंजारलेली. एकदा मी सवयीने पुन्हा घालायला गेले, तर झटकन मागे सरकला. म्हणाला, ‘कोकमच घालते.’

मला आपली सोलकढीच आठवली! पण इथे आजीला कोकम म्हणतात. संध्याकाळी न्यायला येते ती. तीही सख्खी आजी नव्हे, त्याच्या आईची मावशी. क्री भाषेत मावशीला ‘निकावीस’ म्हणतात, म्हणजे धाकटी आई. मी तिला आपलं ‘माय मरो, मावशी जगो’ सांगितलं. आधी दचकली, मग खूप हसली. मामीला काय म्हणतात ते विचारायचं राहिलंच.

तिच्याकडे येण्याआधी हा पोरगा दोन वर्षं परक्या घरात होता, सरकारने ठेवलेला. माणसं वाईट नव्हती. स्वतंत्र खोली होती, सायकल होती. पण विंचरायला त्रास होतो म्हणून त्यांनी केस कापून टाकले. मला वाटलं, केसच ते, वाढतील. कोकम गप्प बसली. मग म्हणाली, ‘माझ्या आईला शाळेत नेलं, तेव्हा पहिल्या दिवशी हेच केलं होतं.’

ती शाळा म्हणजे मिशनऱ्यांची वसतिशाळा. मूळच्या लोकांच्या पोरांना घरून उचलून न्यायचे, केस कापायचे, आपली भाषा बोलली की मारायचे. शेवटच्या शाळा १९९०च्या दशकात बंद झाल्या, म्हणजे मी तुझ्याकडे आले त्या सुमाराला. शाळा कमी होत गेल्या तशी १९६० नंतर दुसरीच तऱ्हा सुरू झाली. सरकारी माणसं मुलं उचलायची आणि गोऱ्यांच्या घरी दत्तक द्यायची, काहींना तर थेट अमेरिकेत. इथल्याच किमेलमन नावाच्या न्यायाधीशाने १९८५ मध्ये अहवालात लिहिलं, की हा सांस्कृतिक वंशसंहार आहे. अजूनही पुरतं थांबलेलं नाही. २०२१ च्या जनगणनेत चौदा-पंधरा वर्षांखालच्या मुलांत मूळच्या लोकांची मुलं १०० मागे आठही नव्हती, पण परक्या घरी सांभाळायला दिलेल्यांत निम्म्याहून जास्त तीच.

मग कोकमने पोराला आधीच का नेलं नाही? तर म्हणे घर लहान. दोन खोल्या, माणसं पाच. सरकारकडून घर बघायला आलेल्या बाईने खोल्या मोजल्या, पलंग मोजले आणि गेली. मामी, आपल्याकडे ती बाई आली असती तर? मधल्या घरात सात माणसं, आणि मी तुझ्या आणि तांदळाच्या कणगीच्या मधे. पलंग एकच, तोही मामाच्या पाठीसाठी. तू पहिल्या फेरीतच नापास.

२०२० पासून नवा कायदा लागू झालाय. मूल काढावंच लागलं तर आधी आई-वडिलांपैकी कोणी, मग नात्यातलं माणूस, मग त्याच जमातीचं, मग दुसऱ्या एखाद्या मूळच्या जमातीचं, आणि परकं घर सगळ्यात शेवटी. नुसती गरिबी आहे किंवा घर धड नाही म्हणून मूल उचलायचं नाही, असंही त्यात आहे. क्वेबेक राज्य त्याविरुद्ध कोर्टात गेलं होतं, पण २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायदा उचलून धरला. त्याच आधारावर कोकमला पोरगा मिळाला. तरी बघायला येणारी बाई अजून पलंग मोजतेच, असं कोकम म्हणते.

या उन्हाळ्यात ती त्याला उत्तरेला, आपल्या माणसांत घेऊन गेली होती. आल्यावर मला मासा साफ कसा करायचा ते शिकवत होता. (मला, कोकणातल्या बाईला!) तेव्हा आठवलं, दर गणपतीला तू मला एसटीत बसवून बाबांच्या गावी न्यायचीस. तिकडचं कोणी धड बोलायचं नाही, तुला तर चहासुद्धा उशिराने मिळायचा. मी रडायचे, कशाला नेतेस म्हणून. तू म्हणायचीस, ‘तुझं घर आहे ते, माहीत असूदे.’ माझं आडनावही बदलू दिलं नाहीस. मला तेव्हा वाटायचं, मी तुम्हाला नको आहे म्हणून. आज लिहून टाकते, कारण फोनवर तू विषय बदलतेस.

खालच्या आळीतल्या काकूंच्या नातवाचं काय झालं? आई-बाप नसलेलं मूल नातेवाइकांकडे असलं तरी बालसंगोपन योजनेत बसतं, महिन्याला २,२५० रुपये मिळतात. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करायचा. त्यांना एकटीला जमणार नाही, मामाला सोबत पाठव.

वेणीचं सांगायचं राहिलं. कोकमने मला विचारलं, तुझी कोण घालायचं? मी म्हटलं, मामी, आणि इतकी ओढून की डोळे बारीक व्हायचे. आता शेंड्याचं रबर सुटलं तर तेवढं बांधायची परवानगी मिळालीय. वेणीला मात्र हात लावायचा नाही.

डिसेंबरात मधू येतोय, त्याच्याकडे अर्धा किलो आमसुलं दे. नीट वाळलेली, गेल्या वेळेसारखी ओलसर नकोत. कोकमला कोकम द्यायचंय.

मामाला नमस्कार.

तुझी,
सुमी