कमाल तापमानाच्या शेजारी वेट बल्ब तापमानही छापावे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मार्च उलटला की आपल्या दैनिकातील हवामानाच्या चौकटीला बातमीचे महत्त्व येते. चंद्रपूर, अकोला, जळगाव, मालेगाव यांपैकी काल कोण पुढे होते, हे ठळक अक्षरांत छापले जाते. मुंबई, रत्नागिरी, पणजी यांचे आकडे त्याखाली आठ-दहा अंशांनी मागे असतात आणि किनाऱ्यावर उन्हाळा त्या मानाने सुसह्य आहे, अशी समजूत वाचकाच्या मनात नकळत पक्की होते. अभियांत्रिकी महाविद्यालयात ऊष्मागतिकी आणि उष्णता-संक्रमण हे विषय शिकवण्यात माझा सेवाकाळ गेला आहे. त्या नात्याने या चौकटीतील एका उणिवेकडे (वेट बल्ब, म्हणजे ओले कापड गुंडाळलेल्या तापमापकाने दाखवलेले, तापमान तिथे नसते) आणि एका सदोष जोडीकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आधी सदोष जोडी. कमाल तापमान साधारणपणे दुपारी दोन-तीनच्या सुमारास नोंदले जाते. सापेक्ष आर्द्रता मात्र सकाळी साडेआठ आणि सायंकाळी साडेपाच या निरीक्षणांची दिली जाते, आणि जागेअभावी चौकटीत बहुधा सकाळचाच आकडा टिकतो. त्यामुळे ‘कमाल ३५ अंश, आर्द्रता ८५ टक्के’ असे वाचून मुंबईकर धास्तावतो. पण ही स्थिती त्या दिवशी कोणत्याही क्षणी अस्तित्वात नसते. सकाळी हवा २८ अंशांवर आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर बाष्पदाब, म्हणजे हवेतील बाष्पाच्या प्रमाणाचे माप, सुमारे ३.२ किलोपास्कल असतो. तेवढेच बाष्प घेऊन हवा ३५ अंशांपर्यंत तापली, तर सापेक्ष आर्द्रता ५७ टक्क्यांवर उतरते, कारण तापमानाबरोबर हवेचा संपृक्त बाष्पदाब (हवेत मावू शकणाऱ्या कमाल बाष्पाचा दाब) झपाट्याने वाढतो. सापेक्ष आर्द्रता हे शेवटी या दोन बाष्पदाबांचे एक गुणोत्तर आहे, आणि ज्या तापमानाला ते काढले ते तापमान सोबत नसेल, तर त्याला फारसा अर्थ उरत नाही. दोन वेगळ्या वेळांचे आकडे एकत्र केल्याने किती फरक पडतो, तेही पाहावे. ३५ अंश आणि ८५ टक्के यांवरून वेट बल्ब तापमान साडेबत्तीसच्या पुढे येते, तर ३५ अंश आणि ५७ टक्के यांवरून ते साडेसत्तावीसच्या आसपास येते. पाच अंशांची ही तफावत क्षुल्लक नाही.

आता उणिवेकडे वळतो. वेट बल्ब तापमान मोजण्याची पद्धत अगदी साधी आहे. तापमापकाच्या फुग्यावर तलम मलमलीचे कापड गुंडाळून ते सतत ओले ठेवायचे आणि त्यावरून हवा खेळती राहील असे पाहायचे. कापडातील पाण्याची वाफ होताना लागणारी सुप्त उष्णता फुग्यातून आणि सभोवतालच्या हवेतून घेतली जाते, त्यामुळे पारा खाली उतरतो आणि हवेकडून येणारी उष्णता व बाष्पीभवनाने जाणारी उष्णता जिथे समसमान होतात तिथे स्थिरावतो. हवा कोरडी असेल तितका तो अधिक उतरतो. हवा बाष्पाने संपृक्त असेल तर मुळीच उतरत नाही. वेधशाळांतील पांढऱ्या झडपांच्या पेटीत कोरडा आणि ओला असे दोन्ही तापमापक शेजारीशेजारी टांगण्याचा प्रघात जुना आहे. म्हणजे हा आकडा नव्याने शोधायचा नसून फक्त छापायचा आहे.

तो छापावा असे वाटण्याचे कारण मानवी शरीराच्या उष्णता-ताळेबंदात आहे. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस सुमारे १०० वॉट उष्णता निर्माण करतो. डोक्यावर घमेले वाहणाऱ्या मजुराच्या बाबतीत हा आकडा ३०० ते ४०० वॉटपर्यंत जातो. ही उष्णता बाहेर गेलीच नाही, तर ६० किलो वजनाच्या माणसाचे तापमान नुसते बसूनही तासाला दीड अंशाहून अधिक वाढेल. वहन, अभिसरण आणि प्रारण हे तिन्ही मार्ग त्वचेपेक्षा सभोवताल थंड असेल तोवरच उष्णता बाहेर नेतात. त्वचा साधारण ३५ अंशांवर असते. हवा त्याहून तापली की हेच मार्ग उलट दिशेने काम करू लागतात, कारण उष्णता आपण होऊन अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते, हा ऊष्मागतिकीचा दुसरा नियम शरीरालाही चुकत नाही. मग उरतो तो एकटा घाम. एक किलो घाम वाफ होऊन गेला तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता नेतो, म्हणजे १०० वॉटसाठी तासाला दीडशे ग्रॅम घाम पुरतो. अट एकच, की तो वाफ झाला पाहिजे. निथळून गेलेल्या घामाने शरीर थंड होत नाही, फक्त पाणी आणि मीठ जाते.

हा प्रश्न शास्त्रज्ञांना नवा नाही. १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे चार्ल्स ब्लॅग्डेन यांनी तापवलेल्या खोलीतील प्रयोगांचे निवेदन सादर केले. सुमारे १२७ अंश सेल्सिअस तापलेल्या कोरड्या हवेत ते काही मिनिटे सुखरूप राहिले, आणि त्याच प्रयोगांत अंडी मात्र कडक शिजली. भांड्यातील पाणी त्या खोलीत उकळत नव्हते. त्यावर तेलाचा थर देऊन बाष्पीभवन अडवल्यावर ते उकळू लागले. पुढे १९०५ मध्ये जे. एस. हाल्डेन यांनी कॉर्नवॉलच्या खाणींतील उष्म्याचा अभ्यास करताना स्पष्ट सांगितले, की माणसाला किती उष्मा सोसेल हे कोरड्या तापमापकावरून नव्हे, तर ओल्या तापमापकावरून ठरते, आणि स्थिर हवेत ही मर्यादा सुमारे ३१ अंश आहे. २०१० मध्ये स्टीव्हन शेरवूड आणि मॅथ्यू ह्यूबर यांनी ३५ अंश वेट बल्ब ही सैद्धांतिक कमाल मर्यादा मांडली. त्यापलीकडे निरोगी माणूसही सावलीत, वाऱ्यात, विवस्त्र बसून फार काळ तग धरू शकत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील प्रयोगांत, दैनंदिन हालचालींइतके हलके काम करणाऱ्या निरोगी तरुणांच्या बाबतीत दमट हवेत प्रत्यक्ष मर्यादा ३० ते ३१ अंशांच्या आसपासच आढळली. हाल्डेन यांचा आकडा शतकभरानंतर जवळजवळ जसाच्या तसा पुढे यावा, याचे मला कौतुक वाटते.

ही पार्श्वभूमी लक्षात घेऊन आपली दोन शहरे पाहू. नागपुरात मे महिन्यात दुपारी ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर वेट बल्ब तापमान सुमारे २३ अंश येते. मुंबईत ३५ अंश आणि ७० टक्के अशी दुपार असेल, तर ते ३० अंश येते. चौकटीत दहा अंशांनी मागे असलेले शहर या मोजमापात सात अंशांनी पुढे जाते. नागपूरच्या घराघरांतला कूलर मुंबईत का चालत नाही, याचे उत्तरही यातच आहे. कूलर हवेला वेट बल्ब तापमानाच्या खाली नेऊच शकत नाही. चांगला कूलर दोन तापमानांतील फरकाच्या सुमारे ८० टक्के उतार देतो. म्हणजे नागपूरची ४५ अंशांची हवा २७-२८ अंशांवर येते, तर मुंबईची ३५ अंशांची हवा ३१ अंशांवर आणि तीही बाष्पाने जड होऊन. वाळ्याच्या ताट्यांचे तत्त्व हेच होते. (कूलर लावून खिडक्या-दारे घट्ट बंद करणाऱ्यांसाठी जाता जाता सांगतो: या प्रक्रियेत हवेतील एकूण उष्णता जवळपास तेवढीच राहते, फक्त तिचे रूप बदलते. ओली हवा बाहेर गेली नाही, तर तासाभरात खोलीत चिकचिकाटच उरतो.)

मात्र यावरून विदर्भातला उन्हाळा सौम्य आहे, असा अर्थ कोणी काढू नये. तो चुकीचा आणि घातक ठरेल. वर सांगितलेल्या २०२२ च्या प्रयोगांतच अतिशय उष्ण व कोरड्या हवेत मर्यादा २५ ते २८ अंश वेट बल्बपर्यंत खाली आली, कारण तिथे घाम वाफ होण्याची अडचण नसते, तर शरीर तेवढा घाम तयारच करू शकत नाही. ४५ अंशांची हवा त्वचेला सतत उष्णता देत असते आणि अशा वेळी नुसता पंखा लावला, तर अंगावरचा घाम आधीच सुकलेला असल्याने पंखा अभिसरणाने अधिक उष्णता आणून टाकतो. अंग किंवा पंचा ओला केला, तर तोच पंखा उपयोगी पडतो. मुंबईत ३६ अंशांच्या दमट दुपारी मात्र पंखा नुसताही हितकारक असतो, कारण त्वचेलगतचा बाष्पाचा थर तो हटवतो. एकाच उपकरणाबद्दल दोन जिल्ह्यांत दोन वेगळे सल्ले द्यावे लागतात आणि कोणता सल्ला कुठे द्यायचा, हे कोरडे व ओले असे दोन्ही आकडे एकत्र पाहिल्यावाचून ठरत नाही. म्हणूनच एकाच्या जागी दुसरा आकडा छापावा, असे मी म्हणत नाही. दोन्ही शेजारीशेजारी हवेत.

हवामान विभागाचे उष्णतेच्या लाटेचे निकषही प्रामुख्याने कोरड्या तापमापकावर आधारलेले आहेत: मैदानी प्रदेशात किमान ४० अंश, किनाऱ्यावर किमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक वाढ. कोकणासाठी ‘उष्ण व दमट’ असा वेगळा इशारा दिला जातो आणि २०२३ पासून प्रायोगिक तत्त्वावर तापमान व आर्द्रता जोडून काढलेला उष्णता निर्देशांकही प्रसिद्ध होऊ लागला, हे स्वागतार्ह आहे. परंतु सामान्य वाचकापर्यंत पोहोचते ती वृत्तपत्राची चौकट. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे खुल्या मैदानावरील पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला, त्या दिवशी पारा चाळिशीच्या आतच होता. तिथे भर दुपारचे ऊन हाही मोठा घटक होता. माध्यान्हीला दर चौरस मीटरवर हजार वॉटच्या जवळपास सौरप्रारण पडते आणि झडपांच्या पेटीतल्या, सावलीतल्या तापमापकाला ते दिसत नाही. त्यासाठी ओला तापमापक, काळ्या गोलातील तापमापक आणि कोरडा तापमापक यांना अनुक्रमे ७०, २० आणि १० टक्के वजन देणारा निर्देशांक १९५० च्या दशकात अमेरिकी सैनिकांच्या प्रशिक्षणासाठी तयार झाला आणि तो आज आंतरराष्ट्रीय मानक आहे. यात सर्वांत मोठा वाटा ओल्या तापमापकाचा आहे, हे लक्षात घ्यावे.

आपल्या कायद्यालाही हे मोजमाप परके नाही. कापड गिरण्यांत सूत तुटू नये म्हणून विणकाम खात्यातील हवा मुद्दाम दमट ठेवली जाई; अशा कृत्रिम आर्द्रीकरणाच्या नियमनासाठी कारखाना अधिनियम, १९४८ मध्ये स्वतंत्र कलम होते. कोळसा खाण विनियम, १९५७ मध्ये तर स्पष्टच म्हटले होते, की कामाच्या जागी वेट बल्ब तापमान साडेतेहतीस अंशांपेक्षा अधिक नसावे आणि ते साडेतीस अंशांच्या वर गेल्यास सेकंदाला किमान एक मीटर वेगाने हवा खेळती ठेवावी. म्हणजे चंद्रपूर-वणीच्या भूमिगत खाणीत उतरणाऱ्या कामगारासाठी अर्धशतकापूर्वीच आखलेली मर्यादा त्याच खाणीवरच्या रस्त्यावर डांबर टाकणाऱ्या मजुराला अजून माहीतही नाही. त्याच्या मुकादमाला दुपारची सुट्टी कधी द्यायची हे ठरवायला आधार हवा असेल, तर तो सकाळच्या वृत्तपत्रात मिळू शकतो.

व्यवहारात यासाठी फार काही करावे लागणार नाही. स्वयंचलित हवामान केंद्रांवर तापमान आणि आर्द्रता दिवसभर नोंदली जाते. कमाल तापमानाच्या वेळची आर्द्रता घेतली, तर कोष्टकावरून वेट बल्ब तापमान मिनिटभरात काढता येते. ज्या केंद्राची त्या वेळची आर्द्रता मिळत नसेल, तिथे निदान सायंकाळी साडेपाचचे तापमान आणि आर्द्रता जोडीने व वेळेसह छापावी. सकाळची आर्द्रता कमाल तापमानाला जोडू नये. चौकटीतील सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा मार्च ते जून एवढ्यापुरत्या वगळल्या, तर रकान्यासाठी जागाही निघेल. वेट बल्ब २८ अंशांच्या वर गेलेली शहरे वेगळ्या रंगात दाखवावीत आणि कोरडे तापमान ४० अंशांच्या पुढे असेल तिथे हीच खूण २५ अंशांपासून करावी, अशी माझी सूचना आहे. या मर्यादा मी वरील प्रयोगांच्या आधारे सुचवत आहे. त्या अंतिम करण्यापूर्वी हवामान विभाग आणि वैद्यकीय तज्ज्ञ यांचा सल्ला आपण घ्यावाच. रकान्याचा नमुना आणि प्रमुख शहरांसाठी लागणारे कोष्टक तयार करून देण्याची माझी तयारी आहे.

आपला,
एक नियमित वाचक
(यांत्रिक अभियांत्रिकीचा निवृत्त अध्यापक), ठाणे