मोजपट्टीवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही “बरं बरं, चहा घे” म्हणून विषय उडवता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

नाना पेठेतल्या तुमच्या गॅरेजात आलो तो मोटरसायकलचा मागचा शॉकअप बदलायचा हे ठरवूनच. डबलसीट आणि दोन्ही बाजूंना पेट्या असल्या की ताम्हिणीतल्या प्रत्येक खड्ड्यात गाडी मागून ठाणकन आपटायची. रात्री हेडलाइट रस्ता सोडून झाडांचे शेंडे दाखवायचा आणि समोरचे ट्रकवाले डिपर मारून शिव्या घालायचे. आधीच्या एका गॅरेजात प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, शेवटच्या खाचेपर्यंत आवळून मिळाला होता. त्याने एकटा असताना पाठीचा खुळखुळा झाला. दोघं बसलो की आपटणं होतंच.

पैसे काढून उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला तुम्ही म्हणालात, “उद्या सूनबाईंना घेऊन ये. सामानासकट.” बायकोला वाटलं मी थट्टा करतोय. कोथरूडहून हेल्मेट, जॅकेट, भरलेल्या पेट्या अशा थाटात निघालो तर शेजारी विचारतात, लडाखला का? तुम्ही ताणकाट्यावर पेट्या तोलल्यात, 24 किलो. मी 86, ती 61. (हा आकडा जगजाहीर केल्याबद्दल घरी काय व्हायचं ते होईल.)

मग मोजपट्टी. चाक अधांतरी असताना एक माप, आम्ही बसल्यावर दुसरं. मागच्या चाकाला वर-खाली व्हायला 180 मिलिमीटरची चाल, त्यातले 82 नुसतं बसण्यातच संपत होते. “तिसरा हिस्सा जावा, इथे जवळजवळ निम्मा गेला. खड्ड्यासाठी उरलं काय?” प्रीलोडने गाडी वर उचलली जाते, स्प्रिंग कडक होत नाही, हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या स्प्रिंगच्या नळ्यांना, हात लावायचा नाही, असा माझा हट्ट. तुम्ही वाद घातला नाहीत. नळीला केबल टाय बांधलीत आणि सिंहगडाचा घाट उतरून यायला सांगितलंत. आलो तेव्हा टाय पार वर सरकलेली, म्हणजे फोर्क जवळजवळ पूर्ण दबत होता. मागून ताठ आणि पुढून मऊ केली असती तर ब्रेक दाबताच गाडीने नाक खुपसलं असतं.

फोर्कमधून निघालेलं ऑइल काळंकुट्ट होतं, वास सडक्या माशाचा. तुम्ही वजनाला साजेशा सरळ, म्हणजे शेवटपर्यंत सारख्याच कडक, स्प्रिंगा टाकल्यात. स्प्रिंगा बाहेर, फोर्क पूर्ण दाबलेला, अशा स्थितीत दोन्ही नळ्यांतली ऑइलची पातळी पट्टीने जुळवत बसलात. समोर तीन गाड्या खोळंबल्या होत्या तरी. मागे वजन बघून निवडलेल्या स्प्रिंगचा शॉकअप आला आणि 82 चे 57 झाले. पहिल्या दिवशी गाडी खड्ड्यानंतर बकरीसारखी उड्या मारत होती. स्प्रिंग कडक झाली की तिला परतताना आवरायलाही जास्त लागतं, म्हणून तुम्ही रिबाउंड, म्हणजे परत उसळण्याला आवर घालणारा अटकाव, दोन क्लिक वाढवलात. दोनच.

गेल्या आठवड्यात ताम्हिणीतून दिवेआगरला जाऊन आलो. मुळशी ते माणगाव हिने माझ्या पाठीत एकही गुद्दा मारला नाही. परतताना अंधार पडला, आणि हेडलाइट रस्त्यावर होता.

तुम्ही मापं घ्यायचे पैसे घेतले नाहीत, ते मात्र पटलेलं नाही. हजार किलोमीटर झाले की फोर्कमधलं ऑइल अडवणारे ऑइल सील दाखवायला येतोय. हिलाही आणतो. सामानासकट.

तुमचा,
ताणकाट्यावरचा 86 किलो