तुलूझहून पत्र : पोर्तुगालची ती रात्र

तुलूझ,
१२ ऑक्टोबर २०२३

प्रिय सदानंद,
सप्रेम नमस्कार.

रविवारचा तुझा निरोप मी मैदानाच्या फाटकापाशी रांगेत उभा असताना वाचला. चेन्नईत दोन धावांवर आपले तीन गडी गेले, तिघेही शून्यावर, आणि मग कोहली व राहुल यांनी ऑस्ट्रेलियाकडून सामना कसा खेचून आणला, याचे तुझे वर्णन वाचून समालोचन ऐकल्याचे समाधान मिळाले. क्रिकेटचा विश्वचषक सुरू असताना रग्बी पाहायला जाणाऱ्याला फोंड्याचा म्हणावे तरी कसे, असे तू शेवटी विचारले होतेस. त्याचे उत्तर दोन ओळींत मावणारे नव्हते, म्हणून आज सवडीने लिहीत आहे. त्याच दिवशी ऑस्ट्रेलियाला दुसरा फटका आमच्या तुलूझमध्ये बसला आणि तोही त्यांचा संघ मैदानात नसताना; पण ते ओघाने येईल.

सामना पोर्तुगाल आणि फिजी यांचा होता. मी पोर्तुगालच्या बाजूने बसलो होतो, हे वाचून तुझ्या भुवया उंचावतील. माझ्या आजोबांनी पोर्तुगीज राजवटीत गोव्यातल्या आग्वादच्या तुरुंगात काढलेल्या दिवसांच्या गोष्टी तू आमच्याच ओट्यावर बसून ऐकल्या आहेस. सुरुवातीला पोर्तुगालचे राष्ट्रगीत लागले आणि सगळे उभे राहिले, तेव्हा मीही उभा राहिलो. पण त्या क्षणी आजोबांचा चेहरा डोळ्यांसमोर आला नाही, असे म्हटले तर ते खोटे ठरेल. शेजारी माझा मावसभाऊ होता, लिस्बनहून मुद्दाम आलेला. आजीच्या जुन्या जन्मनोंदीवर पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला हा गृहस्थ लाल सदरा घालून ते गीत तोंडपाठ म्हणत होता. आजोबा असते तर त्याला काय म्हणाले असते, ते तूच ठरव.

या संघाची पूर्वपीठिका ठाऊक असल्याशिवाय त्या रात्रीचे मोल कळणार नाही. पोर्तुगाल हा फुटबॉलचा देश आहे. रग्बीला तिथे फार तर आपल्याकडे हॉकीला मिळते तेवढे लक्ष मिळत असेल. यापूर्वी ते एकदाच विश्वचषकात खेळले होते, २००७ साली, तेही फ्रान्समध्येच. तेव्हा ते चारही सामने हरले आणि न्यूझीलंडने त्यांना १०८-१३ असे धुऊन काढले. नंतर पुन्हा पात्र ठरायला सोळा वर्षे गेली, आणि या वेळीही दार उघडले ते योगायोगानेच. स्पेनने अपात्र खेळाडू उतरवल्याबद्दल त्यांचे गुण कापले गेले, थेट जागा रुमानियाला गेली आणि पोर्तुगालला शेवटच्या पात्रता फेरीत संधी मिळाली. गेल्या नोव्हेंबरात दुबईला अमेरिकेविरुद्ध अगदी अखेरच्या क्षणी सॅम्युएल मार्केसने पेनल्टी, म्हणजे समोरच्यांच्या चुकीबद्दल मिळणारी खांबांमधली तीन गुणांची लाथ, मारून १६-१६ अशी बरोबरी साधली, आणि गुणफरकावर ते आत आले. संघातले काही जण फ्रान्समध्ये वाढलेले, स्थलांतरित पोर्तुगीज कुटुंबांतले. काही जण शिक्षण किंवा नोकरी सांभाळून खेळणारे. कर्णधार तोमास ॲपल्टन हा शिक्षणाने दंतवैद्य आहे.

वर्तमानपत्रे पोर्तुगालच्या त्या रात्रीच्या विजयाला चमत्कार म्हणत आहेत. माझा आक्षेप नेमका त्या शब्दाला आहे, कारण मी त्यांचे दोन सामने मैदानात बसून पाहिले आणि उरलेले दोन घरी दूरदर्शनवर. रग्बीत हातातला चेंडू पुढे फेकता येत नाही. तो नेहमी मागच्या साथीदाराकडे द्यायचा आणि जमीन मात्र पुढची जिंकायची, अशी त्यातली मेख आहे. बलाढ्य संघ हे काम वजनाने करतात: आठ जण खांद्याला खांदा लावून स्क्रममध्ये समोरच्यांना रेटतात, आणि जमत नसेल तर चेंडू लांब लाथाडून संकट दूर ढकलतात. पोर्तुगालकडे ते वजन नाही. म्हणून त्यांच्या प्रशिक्षकाने, पात्रिस लाजिस्के याने, पळण्याचा मार्ग धरला. हा स्वतः फ्रान्सचा जुना विंगर, म्हणजे कडेने धावणारा, आणि १९८७ च्या अंतिम सामन्यात खेळलेला. आपल्याच गोलरेषेजवळ, जिथे इतर कोणीही निमूटपणे चेंडू लाथाडेल, तिथून ही मुले हातांतून हातांत चेंडू देत पळत सुटतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला तो पोरकटपणा वाटला होता. वेल्सविरुद्ध ते २८-८ असे हरले खरे, पण वेल्सला बोनस गुणासाठी लागणारा चौथा ट्राय (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवायचे पाच गुण) अगदी शेवटी मिळाला, आणि तेव्हा माझे मत डळमळू लागले.

जॉर्जियाचा सामना याच मैदानावर झाला. ०-१३ असे मागे पडल्यावर राफाएल स्तोर्ती या विंगरने दोन ट्राय केले आणि पोर्तुगाल १८-१३ असा पुढे गेला. संपायला दोन-तीन मिनिटे उरली असताना जॉर्जियाने ट्राय करून १८-१८ अशी बरोबरी केली, आणि तरीही अखेरची लांबची पेनल्टी पोर्तुगाललाच मिळाली होती. ती हुकली. विश्वचषकातला पहिला विजय त्या एका लाथेत निसटला आणि मैदानात मुले मटकन खाली बसली. ऑस्ट्रेलियाकडून ३४-१४ अशी हार झाली, तिच्याविषयी विशेष लिहिण्यासारखे नाही.

उरला होता फिजी, आणि त्यांनी ऑगस्टमध्ये इंग्लंडला ट्विकनहॅमला आणि मग या स्पर्धेत ऑस्ट्रेलियाला हरवले होते. उपांत्यपूर्व फेरीसाठी त्यांना फक्त एक गुण हवा होता. सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरणाऱ्यालाही एक बोनस गुण मिळतो, म्हणजे तसे हरले तरी चालणार होते. मध्यंतराला ३-३ अशी बरोबरी होती. नंतर स्तोर्तीचा ट्राय झाला, फिजीने फेड केली. मग पोर्तुगालच्या फ्रान्सिस्को फर्नांडिस या धिप्पाड प्रॉपने, म्हणजे स्क्रममध्ये पहिल्या रांगेत रेटणाऱ्याने, चेंडू रेषेपलीकडे टेकवला, फिजीने त्याचीही फेड केली. १७-१७ वरून फिजीने दोन पेनल्टी मारून २३-१७ अशी आघाडी घेतली तेव्हा मावसभावाने सदऱ्याची कॉलर दातांत धरली होती.

माझ्या दुसऱ्या बाजूला एक म्हातारे गृहस्थ होते. पोर्तुगालहून चाळीस वर्षांपूर्वी आलेले, जन्मभर गवंडीकाम केलेले. बोटांच्या पेरांतला सिमेंटचा राखाडी रंग अजून गेलेला नव्हता. २००७ मध्ये रुमानियाशी १४-१० असा झालेला पराभव त्यांनी याच मैदानावर पाहिला होता, आणि ते दर दहा मिनिटांनी मला त्याची आठवण करून देत होते. अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला मुले पुन्हा तशीच पळत सुटली, हात बदलत बदलत चेंडू कडेला गेला आणि रोद्रिगो मार्ताने ट्राय केला. २३-२२. कन्व्हर्जनचे, म्हणजे ट्रायनंतर खांबांमधून चेंडू मारण्याचे, दोन गुण मिळाले तर विजय, नाहीतर पुन्हा जॉर्जियाचीच गत. मार्केस चेंडू मांडू लागला तसे म्हातारबुवांनी मैदानाकडे पाठ केली आणि माझ्या दंडाला धरून ते माझ्या तोंडाकडे पाहू लागले. निकाल त्यांना माझ्या चेहऱ्यावरच वाचायचा होता. असली जबाबदारी माझ्यावर आजवर कोणी टाकली नव्हती. चेंडू खांबांमधून गेला आणि मी काय चेहरा केला कोण जाणे, पण त्यांना तो वाचता आला. उरलेल्या मिनिटांत त्यांनी माझा दंड सोडला नाही. २४-२३.

एका गुणाने हरलेला फिजीही आनंदात होता, कारण सातच्या आत हरल्याचा तो एक गुण त्यांना पुढे घेऊन गेला. ऑस्ट्रेलियाचेही अकराच गुण होते, पण आपसातला सामना फिजीने जिंकलेला असल्यामुळे ऑस्ट्रेलिया इतिहासात प्रथमच गटातून बाद झाला. पोर्तुगाल सहा गुणांनिशी चौथा आला. पुढच्या स्पर्धेची थेट जागा पहिल्या तिघांनाच मिळते, त्यामुळे त्यांना पुन्हा पात्रता फेऱ्यांची वारी करावी लागेल, आणि लाजिस्के तर याच सामन्यानंतर पायउतार झाला. मला खटकते ते हे, की दरम्यानच्या चार वर्षांत मोठे संघ यांच्याशी फारसे खेळतच नाहीत. आणि एरवी दाराशी उभे न करणारे हेच लोक विश्वचषकात त्यांचे कौतुक करायला सर्वांत पुढे असतात.

परतताना मध्यरात्र उलटून गेली होती. मावसभाऊ आता आपला लाल सदरा फोंड्याला माझ्या आईकडे पाठवणार म्हणतो. तो पोहोचला तर तू जाऊन पाहा, आणि आजोबांच्या तसबिरीखालच्या खुंटीला मात्र अडकवू देऊ नकोस. शनिवारी पाकिस्तानशी सामना आहे, तो मी तुझ्यासाठी पाहीन. रविवारी मार्सेला फिजी इंग्लंडशी खेळेल, तो तू माझ्यासाठी पाहा. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
रघुनाथ